ताश्कंदला कहकशा खाली का उतरली

आजच्या या निरोप-सत्काराचे अध्यक्ष आणि आपल्या जिनिंगचं गोदाम आमच्या ट्रॅम्पोलिनसाठी मोकळं करून देणारे माननीय बद्रीनाथशेठ, खास या कार्यक्रमासाठी पुण्याहून आलेले भारतीय संघाचे प्रशिक्षक आदरणीय धर्मराज सर, आमचे मुख्याध्यापक, नगर परिषदेचे सन्माननीय सदस्य, सत्कारमूर्ती कुमारी कहकशा, तिचे वडील हारुनभाई, आई फरहानाभाभी, आणि सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या खुर्चीवर बसलेल्या अकबरबी आजी, परतूर, वाटूर, आष्टी इथून आलेले बंधू-भगिनी आणि माझे विद्यार्थी, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझी ओळख सूत्रसंचालकांनी फार मोठी करून दिली. तेवढी गरज नव्हती. या सभागृहातल्या निम्म्या लोकांना मी कधी ना कधी मैदानावर उन्हात उभं केलेलं आहे, ते मला बराबर ओळखतात. मी वंदना, शाळेतली खेळाची बाई. एरवी माझं बोलणं शिट्टीनंच होतं. आज शिट्टी घरी ठेवून आलेय, त्यामुळे थोडं सांभाळून घ्या.

उद्या सकाळच्या गाडीनं कहकशा सहा महिन्यांच्या राष्ट्रीय शिबिरासाठी दिल्लीला निघाली आहे. महिनाभरापूर्वी ती भारतीय ट्रॅम्पोलिन संघाबरोबर उझबेकिस्तानचा पंधरा दिवसांचा दौरा करून आली. समरकंदहून संघानं कांस्यपदक आणलं. हे सगळं बाहेरच्या फलकावर लिहिलेलं आहे, आणि मजकूर, रंग, फोटो, सगळं झकास आहे. पण मला आज त्या फलकावर नसलेली गोष्ट सांगायची आहे. अध्यक्ष महोदय, मला दहा मिनिटं दिलीत. पंधरा लागतील. आधीच सांगून ठेवते.

हारुनभाईंचं गादीचं दुकान रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला आहे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिथं पिंजलेल्या कापसाचा ढीग असायचा आणि ही सात-आठ वर्षांची पोरगी माळ्यावरून त्या ढिगात उडी टाकायची. एकदा मी उशा भरून घ्यायला गेले होते. बघते तर काय, ही हवेत अख्खी कोलांटी घेऊन कापसात पाय रोवून उभी! हारुनभाई मला म्हणाले, बाई, हिला तुमच्या शाळेत काही तरी काम द्या, माझा माल खराब करून राह्यली. मी म्हटलं, द्या माझ्याकडं. तिथून सुरुवात.

संभाजीनगरहून एक जुनी ट्रॅम्पोलिन मिळाली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तीन मोठ्या पलंगांएवढी लोखंडी चौकट, मधे विणलेली पांढरी जाळी आणि चहूबाजूंनी शंभरावर स्प्रिंगा. चांगला खेळाडू त्यावरून दोन मजली घराएवढा वर जातो. स्पर्धेत लागोपाठ दहा कसरती करायच्या, मधे एकही साधी उडी घ्यायची नाही. एवढ्या उंचीचं छप्पर परतुरात एकाच ठिकाणी होतं, शेठजींच्या गोदामात. मी मागायला गेले तेव्हा शेठजींनी विचारलं, छपराला धडकणार तर नाहीत ना पोरं? मी म्हटलं, शेठ, एखादी धडकली तर मी पेढे वाटीन. त्यांनी त्याच दिवशी किल्ली दिली.

तर त्या गोदामातून निघालेली मुलगी अठराव्या वर्षी भारतीय संघात गेली. संघाबरोबर एक महिला व्यवस्थापक लागते. ठरलेल्या बाईंना ऐनवेळी जमेना. माझा पासपोर्ट तयार होता, कारण भावाकडे दुबईला जायचं दोन वर्षं नुसतं घाटतच होतं. अशी मी, वाटूरची वंदना, दिल्लीच्या विमानतळावर भारताचा निळा ट्रॅकसूट घालून उभी राहिले. खरं सांगू? मी स्वच्छतागृहात जाऊन आरशात तीनदा बघून आले.

विमान तीन तासांत ताश्कंदला. पंधरा दिवसांत दोन स्पर्धा, पहिली ताश्कंदला आणि शेवटची समरकंदला, आणि मधल्या दिवसांत पाच गावांत प्रात्यक्षिकं. चार मुली, चार मुलं. बसमधून बाहेर बघते तर दोन्ही बाजूंना कापूस! वेचणी चाललेली, बायका डोक्याला रुमाल बांधून रांगेनं वेचतायत. मला वाटलं विमान फिरून परत आपल्याच तालुक्यात उतरलं की काय. कहकशा मात्र बाहेर बघत नव्हती. हातांकडे बघत बसली होती.

आता मी त्या गोष्टीकडे येते, मित्रहो, आणि इथं मला जरा पाणी प्यावं लागेल.

ताश्कंदची स्पर्धा तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाईलवर पाहिली. कहकशा जाळीवर चढली, उंची घेतली, तीन कसरती फार सुंदर केल्या, आणि चौथ्या वेळी तिनं गुडघे वाकवले, जाळी थांबवली आणि खाली उतरली. एवढंच. पडली नाही, लागलं नाही. नुसती उतरली. महिलांचा संघ शेवटून पहिला आला. तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्याच दिवशी परतूरभर फिरला. खाली काय काय लिहिलेलं होतं ते मी वाचलेलं आहे. घाबरली. फुकट विमानात बसून आली. गादीवाल्याची पोरगी, गादीवरच बरी. लिहिणाऱ्यांपैकी काही जण आज हार घेऊन आलेत. आलात, बरं केलंत. मी कुणाचं नाव घेणार नाही, कारण त्या यादीत सगळ्यात वर माझंच नाव लागतं.

ट्रॅम्पोलिनवर एक विचित्र गोष्ट होते. चांगल्या चांगल्या खेळाडूंना होते. वर्षानुवर्षं केलेली गिरकी एके दिवशी अचानक हरवते. शरीर वर जातं, फिरायला लागतं आणि वर कुठं, खाली कुठं हेच कळेनासं होतं. दोन मजल्यांवर असताना. खाली चुकीचं उतरलं तर मान जाते. इथं भीतीचा काही संबंध नसतो, डोळे बांधून जिन्यावरून पळायला लावावं तसं ते असतं.

कहकशाला ते निघायच्या आधी दिल्लीच्या सरावातच सुरू झालं होतं. आणि तिनं ते सांगितलं होतं. कुणाला? मला.

ताश्कंदच्या हॉटेलात संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. म्हणाली, मॅडम, वर गेल्यावर जमीन कुठंय ते कळून न्हाई राह्यलं. मी म्हटलं, प्रवासाचा शीण आहे, लिंबूपाणी घे आणि झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, मॅडम, आज नको. मी तिला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, अख्खं परतूर मोबाईल घेऊन बसलंय, असं बोलायचं नसतं. धर्मराज सरांना मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिला बसवलं असतं. आणि मला, मंडळी, माझी मुलगी भारताच्या पोशाखात जाळीवर बघायची होती. वीस वर्षं शिट्टी फुंकल्यावर मला ते हवं होतं.

ती उतरली तेव्हा मी रागानं लाल होऊन कपडे बदलायच्या खोलीत गेले. ती भिंतीशी उभी होती. मी विचारलं, हे काय केलंस? ती शांतपणे म्हणाली,

“मॅडम, उतरले म्हणून तुमच्यापुढं उभी हाय.”

मी खाली बसले. मग उठून सरळ सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, किती वेळा सांगितलं होतं तिनं? मी म्हटलं, दोनदा. सर मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते मैदानाला एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, स्पर्धेचं राहू द्या, उद्यापासून तिला लहान मुलांमध्ये सोडू.

त्याच दिवशी हारुनभाईंचा मला फोन आला. व्हिडिओ दुकानावर पोचला होता. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते. त्यांनी विचारलं, पोरीला लागलं तर न्हाई ना? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मंग बस. आणि फोन ठेवला. इथं दुकानावर लोक येऊन काय काय बोलून जात होते, ते त्यांनी पंधरा दिवस तिच्या कानावर पडू दिलं नाही. हारुनभाई, त्या दोन शब्दांसाठी एकदा टाळ्या झाल्या पाहिजेत. वाजवा की!

प्रात्यक्षिकं फरगाना खोऱ्यात होती. मार्गिलानच्या पुढं कापसाच्या शेतांमधली एक शाळा. अंगणात आम्ही ट्रॅम्पोलिन उभी केली. शंभरावर स्प्रिंगा, प्रत्येक हातानं ओढून अडकवायची. मुलं, मुली, सर, मी, सगळ्यांचे तळवे सोललेले. भोवती टाकायला जाड गाद्या कमी पडल्या. तेव्हा गावातल्या बायका घराघरातून कापूस भरलेल्या रंगीत दुलया घेऊन आल्या आणि चारी बाजूंनी अंथरल्या. कहकशानं एक दुलई दाबून बघितली, शिवणीतून बोट घालून धागाभर कापूस काढला आणि माझ्या कानात म्हणाली, मॅडम, जुना कापूस हाय, पिंजायला पाहिजे. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

तिचं नाव सांगितलं तशी तिथल्या एका शिक्षिकेनं लगेच आकाशाकडे बोट केलं. कहकशा म्हणजे आकाशगंगा, त्यांना बराबर माहीत! इथं परतुरात दहा वर्षं हजेरीला लोक तिचं नाव चुकीचं घेत आले. त्यांत मीही.

नोदिरा नावाची एक आठ वर्षांची मुलगी कुणी बोलवायच्या आत जाळीवर चढली. वर जायची हौस, खाली कसं यायचं ते ठाऊक नाही. कहकशा तिच्यासमोर उभी राहिली आणि तिला सगळ्यात आधी थांबायला शिकवलं. गुडघे वाकवायचे, जाळी गप्प करायची. भाषेचं काय? तीही सोय निघाली. त्यांच्या भाषेत आकाशाला ओस्मोन म्हणतात आणि जमिनीला झमिन. आसमान, जमीन! कहकशाच्या घरचेच शब्द. वर जाताना दोघी ओरडायच्या ओस्मोन, खाली येताना झमिन. अंगणभर पोरं तेच ओरडायला लागली.

मग मुलांनी तिलाच उडी मारायला सांगितलं. तिथं पुन्हा करा म्हणायला यना म्हणतात. यना, यना! तिनं साध्या उड्या मारल्या. यना! बसून उठायची उडी. यना! तिनं सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली नाही, नकारही दिला नाही. तिनं एक साधी कोलांटी घेतली, आणि ती हवेत उलटी असताना, नेमक्या त्या क्षणाला, काठावरून नोदिरा ओरडली, झमिन! आणि कहकशाचे पाय जाळीच्या बरोबर मध्यावर आले. ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला सांगता येत नाही. जमीन सापडली होती, मंडळी!

सरांनी ते पकडलं. त्यानंतरच्या चार गावांत सर स्वतः जाळीपाशी उभे राहायचे आणि ती हवेत असताना ठरल्या क्षणी जमीन असं म्हणायचे. दुसऱ्या गावात दोन कोलांट्या. तिसऱ्यात पाच. चौथ्या गावात वारा होता, ती म्हणाली आज एवढंच, आणि एवढंच झालं. कुणी काही विचारलं नाही. पाचव्या गावात सलग दहा. त्यात अवघड गिरकी नव्हती. गिरकी अजून हरवलेलीच होती.

आणि समरकंदच्या आदल्या दिवशी सरावात संघातल्या नाशिकच्या अर्पिताचा घोटा मुरगळला. सांघिक स्पर्धेत तीन मुली उतरतात आणि तिघींचेही गुण धरतात. राहिल्या तीनच, आणि तिसरी कहकशा. ती खेळली नाही तर भारताचा महिला संघच होत नव्हता. त्यात आणखी एक अडचण. स्पर्धेत खेळाडूशी बोलायला बंदी असते. सरांनी काठावरून एक शब्द उच्चारला असता तरी गुण कापले गेले असते.

सर तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. मीही होते. सर म्हणाले,

“तुझ्याशिवाय संघ होत नाही, हे तुला कळणारच, म्हणून सांगतो. पण नाही म्हणालीस तर ते मी माझ्या तोंडानं जाहीर करीन, तुझं नाव न घेता.”

तिनं थोडा विचार केला आणि विचारलं,

“मधीच थांबले तर चालेल?”

“चालेल.”

“मंग जमेल.”

मला कुणी काही विचारलं नाही, आणि ते योग्यच होतं. मी तिच्या पायाला पावडर लावायचं काम केलं.

समरकंदचं ते सभागृह! दुपारची वेळ, हजारभर माणसं, वर लख्ख दिवे. आधीच्या दोघींनी आपापलं काम चोख केलं. मग पुकारा झाला, कहकशा नद्दाफ, इंडिया. मी दोन्ही हात ट्रॅकसूटच्या खिशात घालून ठेवले. ती चढली. हात वर केला. एक उंच उडी, दुसरी, तिसरी. वर, आणखी वर. आणि सुरू! पहिली. दुसरी. तिसरी, दुहेरी कोलांटी, जाळीच्या मधोमध. आता चौथी. ताश्कंदला इथंच थांबली होती. माझ्या शेजारी सर ओठ घट्ट मिटून बसले होते. चौथी! तिचे ओठ हलताना मला खालून दिसले. आवाज नव्हता, पण शब्द मी ओळखला. पाचवी, सहावी. सातवीला ती मधल्या खुणेपासून सरकली, एका बाजूला गेली, आणि मला वाटलं, आता ती थांबेल, आणि मी मनात म्हटलं, थांब गं बाई, थांबलीस तरी चालेल. ती थांबली नाही. आठवीत परत मध्यावर आली. नववी. दहावी! पाय जुळवून, हात वर करून उभी, तीन सेकंद, दगडासारखी स्थिर!

मी किंचाळले. संघाच्या व्यवस्थापकानं असं करू नये, नियमात बसत नसेल. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. सर, माफ करा, हे मला सांगायलाच हवं होतं. लंगडत आलेल्या अर्पितानं आधी तिला मिठी मारली आणि मग मला आठवण करून दिली की गुण अजून लागायचेत.

कसरती सोप्या ठेवल्या होत्या, त्यामुळे वैयक्तिक क्रमांक अकरावा. पण तिघींची बेरीज झाली आणि चौथ्या आलेल्या संघाच्या अर्ध्या गुणानं पुढं! कांस्य! तिरंगा तिसऱ्या खांबावर वर गेला. पदक गळ्यात पडल्यावर कहकशानं ते हातात घेऊन वजन केलं आणि मला म्हणाली, मॅडम, जड हाय की. बस, तेवढंच बोलली.

ती अवघड गिरकी आता परत आली आहे का, असं कुणीही विचारू नका. उद्यापासून दिल्लीत ते काम सुरू होईल. येईल तेव्हा येईल. धर्मराज सरांना घाई नाही, तिला घाई नाही, तर आपल्याला कशाला पाहिजे?

समारोप करते, शेठजी घड्याळ बघतायत. गोदामाबद्दल शेठजींचे आभार. आता तिथं बावीस मुलं येतात आणि छप्पर अजून शाबूत आहे. इतक्या लांबून आल्याबद्दल आणि तिथं मला ओरडला नाहीत त्याबद्दल सरांचे आभार. फरहानाभाभींनी दौऱ्याला बांधून दिलेल्या तिळाच्या चटणीवर भारतीय संघ आठ दिवस जगला, त्यांचे आभार. अकबरबी आजी, तुम्ही मला विमानतळावर फोन करून सांगितलं होतं, पोरीकू संभालो. त्याचं उत्तर मी आज देतेय, जरा उशिरा. मंडप, ध्वनिक्षेपक, चहापाणी पाहणाऱ्या सर्वांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर ते आपलं माणूस म्हणून तुम्ही पोटात घालाल, याची मला खात्री आहे.

एक माफी मात्र मी तुमच्याकडून घेऊ शकत नाही. ती इथं व्यासपीठावर बसलेल्या एका मुलीनंच द्यायची आहे. कहकशा, हॉटेलातल्या त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये तू खरं बोलत होतीस आणि मी ऐकलं नाही. तू वाचलीस ती माझ्यामुळे नाही, माझं न ऐकता जाळीवरून उतरलीस म्हणून वाचलीस. हे मी तुला एकटीला सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तुझ्याकडे बोटं चारचौघांत दाखवली गेली, म्हणून मीही चारचौघांतच सांगते. माझं चुकलं, बेटा. मला माफ कर.

आता माईक तुझा. तू काय म्हणतेस ते ऐकायला मी खाली बसते.